विंडोज ठेवून लिनक्स टाकलं, पार्टिशनचा माझा अनुभव

लिनक्स टाकायचं म्हणलं की सगळे पेनड्राइव्ह बूटेबल कसा करायचा तेच सांगत बसतात, पण ते सोपं आहे हो, घाम फुटतो तो पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या स्क्रीनवर. तिथे चुकीच्या ओळीवर फॉरमॅटची टिक पडली की डेटा गेलाच.

माझी ५१२ जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज आधीपासून होतं आणि ते ठेवायचंच होतं. फोटो, डॉक्युमेंट आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घेतले. जागा मात्र विंडोजमधूनच मोकळी केली, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्हवर राइट क्लिक आणि श्रिंक व्हॉल्यूम. इन्स्टॉलरमधूनही होतं, पण विंडोजचं पार्टिशन विंडोजलाच लहान करू द्यावं या मताचा मी आहे. आता ड्राइव्ह अर्ध्याच्या वर रिकामा, तरी श्रिंकला जागा दाखवतोय अगदी थोडी! मधेच कुठेतरी हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना रॅममधलं जिथे साठवतात ती) आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) ठाण मांडून बसलेल्या असतात, त्या हलत नाहीत, म्हणून त्यांच्या पलीकडचीच जागा सुटते. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रीस्टार्ट मारला, मग १०० जीबी निघाले. ती जागा अनअलोकेटेडच, म्हणजे कुठल्याच पार्टिशनला न देता सोडली, तिला नवीन ड्राइव्ह लेटर वगैरे द्यायचं नाही. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हे सगळं करायच्या आधी लिहून ठेवा.

इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग घेतलं. इथे सी, डी काही दिसत नाही, एनव्हीएमई०एन१पी१ असली नावं येतात, त्यामुळे साइजवरून ओळखायचं, आणि त्यातही घोळ आहेच. विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं, इन्स्टॉलर बरेचदा १००० च्या, म्हणून मी सोडलेले १०० जीबी तिथे १०७ दिसत होते. हे माहीत नसेल तर माणूस उगाच दचकतो.

सुरुवातीला १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन दिसतं ना, ते ईएफआय. विंडोजचा बूटलोडर (सिस्टिम चालू करून देणारा प्रोग्राम) त्यातच असतो आणि लिनक्सचाही तिथेच शेजारी जाऊन बसतो, म्हणून ते फक्त वापरायला सांगायचं, फॉरमॅट अजिबात नाही. मोकळ्या जागेत रूट म्हणजे / साठी (इथे लिनक्स सिस्टिम बसते) ४० जीबी ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), उरलेलं सगळं /होमला (इथे आपल्या फाइली), तेही ईएक्सटी४. नवशिक्यांनी एकच पार्टिशन करावं असं बरेच जण म्हणतात, मला पटत नाही, कारण उद्या डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलायची हुक्की आली (येतेच!) की रूट तेवढं फॉरमॅट करायचं आणि आपल्या फाइली होममध्ये जागच्या जागी. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन केलं नाही, उबुंटू (मी टाकलेलं लिनक्स) १७.०४ पासून स्वॅपफाइल स्वतःच बनवतं. लिनक्समध्ये हायबरनेट करायचं असेल तर वेगळा विचार करा, तिथे स्वॅप निदान रॅमएवढा लागतो.

इन्स्टॉल दाबल्यावर काय काय फॉरमॅट होणार त्याची यादी येते. ती मी निवांत वाचली, दोनच ओळी होत्या आणि दोन्ही ईएक्सटी४, मग पुढे गेलो.

रीस्टार्टनंतर ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेनूत दोघंही हजर. आधी विंडोज उघडून बघितलं, नीट चालू झालं, तेव्हा पेजफाइल परत चालू केली. हायबरनेशन बंदच ठेवलंय, त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही (विंडोज लवकर उघडायची सोय) बंद राहतं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.