दोरीवरचे थेंब
आज सकाळपासून एकही काम धड झाले नाही. अर्धा तास खपून भरलेला ऑनलाइन अर्ज शेवटच्या पानावर येऊन कोरा झाला, तेवढ्यात वीज गेली, आणि वैतागून खिडकी उघडली तर पाऊस नुकताच थांबला होता. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली थेंबांची रांग लागली होती; एखादा थेंब हळूहळू फुगत जाई, शेजारच्याला जाऊन मिळे आणि मग दोघे मिळून टपकन खाली पडत. थेंबाला असा धरून ठेवणारा पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण) शाळेत पाठ केला होता, पण त्यातली गंमत मार्कांच्या नादात पाहायची राहूनच गेली. आधी कोणता थेंब पडेल याची मी स्वतःशीच पैज लावली आणि (कबूल करायला हरकत नाही) सलग ३ वेळा हरलो. वीज आल्यावर अर्ज पुन्हा भरला. तो अजून 'प्रलंबित'च दाखवतो आहे.