चढावर १९१

आज सकाळी सायकलने चढ चढताना घड्याळावर हृदयाच्या ठोक्यांचा आकडा दिसला, मिनिटाला १९१. माझं वय ४६. ‘२२० वजा वय’ या हिशेबाने माझी कमाल १७४. घाबरलोच.

सायकल बाजूला लावली, मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजले. ४२. म्हणजे मिनिटाला १६८. मनगटावरचा सेन्सर घामाने, हादऱ्यांनी चुकतो, कधी पेडलच्या फेऱ्याच ठोके म्हणून मोजतो. छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा जास्त भरवशाचा. आणि ते सूत्रही सरासरीचं, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मिनिटभरात १४० वर आलो तेव्हा जिवात जीव आला. थांबल्यावर पहिल्या मिनिटात १२ ठोकेही उतरले नाहीत, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घालावं.

काल झोप जेमतेम चार तास झाली होती, पाणीही कमी प्यायलो होतो. यानेही ठोके वाढतात, तापात आणि उन्हात तर हमखास.

पण आकड्यापेक्षा लक्षणं मोठी. छातीत दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, न झेपणारा दम, अनियमित धडधड यांपैकी काहीही जाणवलं तर तिथेच थांबा. विश्रांतीनेही कमी झालं नाही किंवा शुद्ध हरपली, तर थेट इमर्जन्सी गाठा. एकटे सायकल चालवत घरी येऊ नका, कळकळीने सांगतो. बसल्या जागी ठोके सतत शंभरच्या वर राहत असतील तरी तपासून घ्या, कधी थायरॉईड किंवा कमी हिमोग्लोबिन निघतं.

मला आज यातलं काही नव्हतं. तरी उद्या ईसीजी करून घेतोय, चढ त्यानंतर.