ट्रेडमिल घेताना रोलर कोण बघतं?

दोन महिने ट्रेडमिलमधून घर्र घर्र आवाज येत होता आणि मी आपला मोटरवर संशय धरून बसलो होतो, कारण ट्रेडमिल म्हटलं की आपल्याला मोटरच माहीत, घेताना पण पहिला प्रश्न किती एचपीची. शेवटी परवा प्लग काढला, पट्टा सैल केला आणि मागचा रोलर, म्हणजे पट्टा ज्याच्यावरून वळतो ती फिरती नळी, सोडवून मांडीवर घेतला. दांडी फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी करकर. बेअरिंग गेलं होतं. घालवलं मीच, सांगतो.

आधी रोलर मोजला. व्यास ४२ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात पट्टा जेमतेम १३२ मिमी पुढे सरकणार. ताशी १० किमीने पळायचं तर या बारक्याला मिनिटाला साडेबाराशेच्या वर फेरे मारावे लागतात, आणि तेच जिममधल्या मशीनसारखा ७६ मिमीचा जाडा रोलर असेल तर सातशेत काम भागतं. बेअरिंगला फेऱ्यांचाच हिशोब असतो, तुम्ही किती किलोमीटर पळालात त्याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. शिवाय बारक्या रोलरवरून वळताना पट्टा जास्त करकचून वाकतो आणि तेही मिनिटाला कितीतरी वेळा, त्यामुळे जोडाच्या जागी तो लवकर थकतो. (मोठ्या रोलरला पकड जास्त असं विकणारे छातीठोक सांगतात, ते मला काही पटत नाही. रोलर केवढाही असो, पट्टा त्याला अर्धाच वेढा घालतो, मग पकड ठरते ती ताणावर आणि रोलरचा पृष्ठभाग कसा आहे त्यावर.)

मला सगळ्यात भारी वाटलं ते रोलरचं पोट. बऱ्याच रोलरना मधोमध किंचित फुगवटा दिलेला असतो, नुसतं बघून कळत नाही पण स्टीलची पट्टी आडवी धरली की दोन्ही टोकांना खालून उजेडाची बारीक रेघ दिसते. आपल्याला वाटेल पट्टा फुगवट्यावरून घसरून कडेला जाईल, होतं उलटंच, सपाट पट्टा जाड भागाकडे चढत जातो आणि मधे येऊन टिकतो. म्हणजे तो थोडाफार हलला तरी रोलरच त्याला जागेवर आणतो, आपण पाना घेऊन पळायची गरज नाही.

माझ्या रोलरच्या डाव्या टोकाला धूळ, केस आणि सिलिकॉन तेल यांचा काळा थर बसला होता, नखाने खरवडला तर वडी निघाली. आता तिकडे व्यास वाढल्यावर पट्टा जाणार कुठे, डावीकडेच. मी रोलर न बघता मागचा डावा बोल्ट पिळला, म्हणजे रोलरचं ते टोक मागे ओढून पट्टा ताणणारा. पट्टा डावीकडे गेला तर डावाच बोल्ट घड्याळाच्या दिशेने फिरवायचा हे बरोबर आहे, पण पाव फेरा द्यायचा, मशीन दोन मिनिटं रिकामं चालवायचं आणि मग बघायचं. मी दिला आख्खा फेरा, मग पट्टा उजवीकडे गेला म्हणून उजवा पिळला, परत डावा, असं करत करत पट्टा तबल्यासारखा ताणून ठेवला. तो सगळा ताण थेट बेअरिंगवर. बॉल बेअरिंगचा नियम फार निर्दयी आहे, भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मं नाही, आठवा हिस्सा उरतो. वर रोलरची नळी बारीक असेल तर एवढ्या ताणाने ती थोडी वाकते पण.

बेअरिंगवर ६२०२ नंबर होता, मी शेवटी २आरएस असलेलंच घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, तिथे उडणारी धूळ बघता बिनसीलचं टाकण्यात अर्थ नाही. जुनं काढायला पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं अवजार, लागला. आधी हातोडीने ठोकून बघितलं, त्याबद्दल बोलायला नको.

रोलर पुसून बसवला, पट्टा मधोमध हाताने उचलला तर दोन-तीन इंच वर येतो, तेवढाच ताणलाय. घर्र गेली. मोटरचा पंखा एवढा आवाज करतो हे मात्र आता कळायला लागलंय.