मुलांची नावं रेशन कार्डावर चढवताना

आमच्या मेळघाटात टंचाईचे महिने ठरलेले आहेत. दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं जातं, त्यात उधारी फिटते. मग बरीच घरं परतवाडा, अमरावतीकडे कामाला जातात आणि होळीला परततात. कोरकूंचा मोठा सण तोच. कमावून आणलेला पैसा पेरणीत जातो. पाऊस लागला की रोजगार हमीची कामं थांबतात, आणि नवं पीक हाती यायला आश्विन उजाडतो. पूर्वी कुटकी, कोदो ही भरड धान्यं वर्षभर घरात असायची. आता त्या शेतात सोयाबीन आहे. मधले महिने निघतात ते रेशनवर.

आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं. अंत्योदयवाल्यांना घरटी ३५ किलो, आम्हाला माणशी ५. कार्डावर मी आणि बायको, म्हणजे १० किलो. जेवणारे मात्र चार. आषाढात बायको मुलांचं झाल्यावर उरेल तेवढंच वाढून घ्यायची. ते बघवत नव्हतं.

धाकट्याचा जन्म दवाखान्यातला, त्याचे कागद होते. थोरली घरीच जन्मलेली. जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून कार्डावर नाव नाही. कचेरीत प्रत्येक टेबल आधीच्या टेबलाकडे बोट दाखवायचं. वाट काढली ती अंगणवाडीताईंनी. त्यांच्या जुन्या रजिस्टरात पोरीची जन्मतारीख आणि पहिलं वजन निळ्या शाईत लिहिलेलं होतं. त्या पानाची नक्कल आणि ग्रामपंचायतीचा नोंद नसल्याचा दाखला जोडून अर्ज केला. जन्माला वर्ष उलटून गेलेलं असल्याने तहसीलमधून आदेश लागला. तो आल्यावर जन्मदाखला झाला, मग आधार.

त्यानंतर पुरवठा विभागात नाव वाढवायचा अर्ज, नमुना ८. पोच मागून घेतली. नंतर "तुमचा अर्जच दिसत नाही" असं ऐकावं लागलं, तेव्हा तीच कामाला आली. नावं चढली तरी धान्य लगेच सुरू झालं नाही. "इष्टांक शिल्लक नाही," असं उत्तर मिळालं. म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरलेली. कुणी मयत किंवा स्थलांतरित वगळला की जागा होते. लहान मुलांचं जेवण अशा जागेसाठी थांबावं, हे मला आजही पटत नाही. मी विचारत राहिलो.

शेवटी दुकानात मशीनवर चार नावं दिसली. निंदणीने अंगठा घासलेला, तो काही जुळेना. दुकानदारदादांनी हात धुवून, पुसून दुसरं बोट लावायला सांगितलं, ते लागलं. २० किलो धान्य मिळालं, तेही मोफत.

आमच्या ढाण्यात, म्हणजे वस्तीत, अजून काही मुलांची नावं कार्डावर नाहीत. होळीला सगळे गावात असतात, तेव्हाच रजिस्टरची नक्कल घ्या आणि अर्ज उन्हाळ्यात द्या. नाले भरले की तालुक्याला जाणंच होत नाही. आणि कामाला बाहेर गेलात तरी धान्य सोडू नका. त्याच कार्डावर तिथल्या दुकानातूनही उचलता येतं.