‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतंय?

स्वतःचं स्वतः प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत कुणी सीनियर बसलेला नसतो. अडलं की इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना विचारायचं, आणि पहिल्याच प्रश्नाला कुणी खेकसलं की पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. खेकसणारे सगळीकडे असतात, त्यांना इलाज नाही. पण बहुतेक वेळा प्रश्न चुकीच्या जागी पडलेला असतो, नाहीतर उत्तर देणाऱ्याच्या हातात काही दिलेलंच नसतं.

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासून आहे आणि ती गप्पांची जागा नाही. एकदा दिलेलं उत्तर पुढे येणाऱ्या सगळ्यांच्या कामी यावं, हा तिचा हेतू. म्हणून आधी विचारलेला प्रश्न तिथे ‘डुप्लिकेट’ ठरवून बंद करतात. तो अपमान नव्हे; सोबत दिलेल्या दुव्यावर बऱ्याचदा उत्तरच असतं. नवशिक्याने तिथे भरपूर शोधावं, विचारावं क्वचित. बाळबोध शंकांसाठी रेडिटवरचा लर्नप्रोग्रॅमिंग हा गट किंवा पायथन डिस्कॉर्ड हा चॅट-गट बरा. कोड चालतोय, पण बरा लिहिलाय का हे कळत नसेल, तर एक्सरसिझम या सरावाच्या साइटवर सराव सोडवल्यावर स्वयंसेवक मेंटर तो फुकट तपासून देतात.

नवी जागा पारखायची असेल तर नवख्यांचे शेवटचे पंधरा-वीस प्रश्न वाचा. उत्तरात उलटा प्रश्न येतो का (‘इथे व्हेरिएबलची किंमत काय दिसते?’), की नुसतं ‘गूगल करा’? दुसरं दिसलं तर निघा. आणि ‘खासगी मेसेज कर, तुझ्या मशीनवर येऊन बघतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. चारचौघांत दिलेलं उत्तर चुकलं तर दुसरा कुणी दुरुस्त करतो, खासगीत ती सोय नाही.

आता प्रश्न. ‘लिस्टमधून शून्यं निघत नाहीत, कोड चालत नाही, प्लीज हेल्प’ यावर कुणी काय सांगणार? हाच प्रश्न असा विचारता येतो: ‘पायथन ३.१२, विंडोज ११. लिस्टमधली सगळी शून्यं काढायची आहेत. [१, ०, ०, २] दिल्यावर [१, २] हवं होतं, [१, ०, २] मिळतं. फॉर लूपमध्ये त्याच लिस्टवर रिमूव्ह वापरलंय. लूपमध्ये प्रिंट लावून पाहिलं, तर शून्य एकदाच छापलं जातं.’ खाली चार ओळींचा कोड. याला उत्तर यायला वेळ लागत नाही: पहिलं शून्य काढलं की पुढचे आकडे एक घर डावीकडे सरकतात, लूप मात्र पुढच्या घरावर जातो, म्हणून दुसरं शून्य त्याच्या तावडीतून सुटतं. ज्या लिस्टवर फिरतोय तिच्यातून काढू नये, हवे ते आकडे घेऊन नवी लिस्ट करावी.

त्या चार ओळी मात्र आयत्या मिळत नाहीत. तीनशे ओळींच्या फाइलची कॉपी करा, अर्धा भाग उडवा, चालवा. चूक अजून दिसतेय? आणखी अर्धा उडवा. चूक गायब झाली? मग ती उडवलेल्या भागात होती, किंवा त्या भागाशी जोडलेली. हे करता करताच कित्येकदा उत्तर सापडतं आणि विचारायची गरज उरत नाही. (कंटाळवाणं आहे, मान्य.) शेवटी उरलेला तुकडा नव्या फाइलमध्ये एकटा चालवून पाहा. त्या फाइलला रँडम.पाय असं नाव देऊ नका. मग इम्पोर्ट रँडम म्हटल्यावर पायथन स्वतःच्या मोड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि भलतीच एरर दाखवतो.

एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. चित्रातला कोड कॉपी करून चालवता येत नाही, एरर शोधता येत नाही. ट्रेसबॅक (एरर आल्यावर पायथन छापतो तो सगळा मजकूर) पूर्ण चिकटवा, पण स्वतः वाचताना शेवटच्या ओळीपासून वाचा. चूक कोणत्या प्रकारची ते तिथे असतं, त्याच्या वरती ओळ क्रमांक. कोडच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळीवर तीन-तीन बॅकटिक (` ही खूण) टाका, नाहीतर पायथनचं इंडेंटेशन सपाट होतं आणि नसलेली चूक दिसायला लागते. पाठवण्याआधी पासवर्ड आणि एपीआय की (एखादी सेवा वापरायला मिळालेला गुप्त कोड) काढा. एखादी की चुकून गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) गेलीच, तर ओळ पुसून भागत नाही, ती जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या आवृत्तीत, राहते. की रद्द करून नवी घ्या.

अजून एक खोड सगळ्यांनाच असते: मूळ काम न सांगता आपण शोधलेल्या आडवाटेबद्दल विचारणं. ‘तारखेच्या स्ट्रिंगमधले मधले दोन अंक कसे काढू?’ असं विचारलं की तेवढंच उत्तर मिळतं. दोन तारखांमधले दिवस मोजायचे आहेत हे सांगितलं, तर कुणीतरी पायथनचं तारखांसाठीचं डेटटाइम मोड्यूल दाखवतो. तिथे नुसती वजाबाकी होते आणि लीप वर्षाची काळजी राहत नाही.

उत्तर आलं की आधी चालवा, मग आभार माना. जुन्या उत्तरात प्रिंटपुढे कंस नसेल तर ते पायथन २ चं आहे. त्याचा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. चॅटबॉटने सुचवलेलं फंक्शन खरंच अस्तित्वात आहे का, हे डॉक्युमेंटेशनमध्ये बघून घ्या. सल्ला लागू पडला नाही, तर नवा प्रश्न न टाकता त्याच ठिकाणी नवी एरर जशीच्या तशी लिहा. आणि सुटलं, तर नुसतं ‘झालं, थँक्स’ नको. कोणती ओळ बदलल्यावर सुटलं तेही लिहा, कारण सहा महिन्यांनी तीच एरर शोधत तिथे येणाऱ्यांत तुम्हीही असू शकता.