तिकांड्याच्या वर विझणारे दिवे

हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, देगावचं कमलनारायण, कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळचा मलप्रभेचा उगम. खानापूर तालुक्यात बघण्यासारखं खूप आहे आणि आम्ही ते सगळं बघितलं. बेळगावातून कुंदाही घेतला. पण जांबोटीच्या पुढं एका शिवारात जे पाहिलं, त्यापुढं बाकीची सहल मागं पडली. म्हणून लिहायचंय ते तेवढ्याबद्दलच.

मैत्रिणीचं माहेर तिथं आहे. जानेवारीचा मध्य. भात केव्हाच निघालेलं, त्या ओलीवर मसूर उभा होता. रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली होती, पण चुलीपुढं पाट मांडून काकूंनी नाचणीची गरम भाकरी ताटात टाकली आणि शीण उतरला. असं जेवण मला कुठल्याही रिसॉर्टमध्ये मिळालेलं नाही, मिळेल असं वाटतही नाही.

जेवताना शेजारची दोघं-तिघं आली आणि मोबाईल पुढं झाला. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी गावावरून दिव्यांची रांग गेली होती. कुणीतरी काढलेला हलता व्हिडिओ, खाली लाल अक्षरांत ‘शत्रूचे ड्रोन सीमाभागात’. या भीतीनं आठवीतल्या एका मुलीची संध्याकाळची शिकवणी बंद झाली होती. घरचे तिला अंधार पडल्यावर सोडायला तयार नव्हते. मला राग आला तो त्या लाल अक्षरांचा. ज्यानं ती लिहिली त्यानं गावात कुणालाही एक प्रश्न विचारला नव्हता.

तेवढ्यात शहरातून आलेला घरातला एक मुलगा हसून म्हणाला, “खेड्यात काहीही दिसतं लोकांना.” अप्पा, म्हणजे मैत्रिणीचे चुलते, कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मी बघितलो की,” ते म्हणाले. “मसुराच्या राखणीला होतो. गवं येत्यात.”

मी ताट बाजूला सारलं आणि वही काढली. अप्पांना मी जे विचारलं त्या प्रत्येकाचं त्यांच्याकडं उत्तर होतं. कुठून आले? “चंदगडच्या अंगानं.” म्हणजे वायव्य. किती वाजता? “सातची बस गेली, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत.” आवाज? “अजिबात न्हाई. सांबऱ्याची इमानं मला पाठ हायत, गोव्याची पण. ती लुकलुकत्यात. ही लुकलुकत नव्हती.” किती वेळ? “एक दिवा डोक्यावरनं पल्याड जायाला दोन-तीन मिंटं.” आणि गेले कुठं?

“गेली न्हाईत. इझली. तिकांड्याच्या वर.” तिकांडं म्हणजे मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे.

“सगळे एकदम?”

“एकेक. पैला जिथं इझला, तिथंच दुसरा. तिथंच तिसरा.”

माझ्या अंगावर काटा आला तो या शेवटच्या वाक्यानं. आकाशनिरीक्षणाच्या शिबिरांमध्ये मी भल्याभल्यांची वर्णनं ऐकली आहेत, पण इतकी नेमकी साक्ष क्वचितच मिळते. शुक्र असता तर तो जागचा हलला नसता. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रावरून जळत गेलेली रांग अनेकांना आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं मोठं कडं पडलं होतं, आणि ते चिनी लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत असं अभ्यासकांनी सांगितलं होतं. पण तेव्हा मागं शेपटं होती, रंग होते, तुकडे होत होते. अप्पांचे दिवे शांत, एका वेगाचे, एका ओळीत. आणि ड्रोन ओळीनं एकाच जागी विझायला तिथं काही कारण लागतं.

कारण आकाशात होतं. पृथ्वीची सावली.

स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह एका रॉकेटमधून घोळक्यानं सोडतात. २०१९ च्या मे महिन्यात पहिले ६० गेले, आता ते हजारोंनी आहेत. सोडल्यावर पहिले काही दिवस ते साधारण ३०० किलोमीटर उंचीवर एकामागे एक धावतात, मग हळूहळू पांगत आणखी वर चढतात. त्यांना स्वतःचा दिवा नाही. दिसतं ते त्यांच्यावर पडलेलं ऊन. गावात अंधार पडला तरी डोंगरमाथ्यावर ऊन रेंगाळतं, तसंच हे, फक्त माथा ३०० किलोमीटर उंच. सूर्य क्षितिजाखाली पंधरा अंश गेला की आपल्या डोक्यावर साधारण सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत सावली चढलेली असते. त्याच्या वर अजून ऊन असतं. पूर्वेकडं सावली आणखी उंच. म्हणून पश्चिमेकडून येणारा उपग्रह डोक्यावरून चमकत जातो आणि पूर्वेला सावलीत शिरताच दिसेनासा होतो. मागचाही तिथंच. त्या वेळी मृग नक्षत्र पूर्वेला चाळीस अंशांवर असतं. अप्पांनी दाखवलेली जागा त्याच्या थोडी वर. हिशेब जुळत होता.

पण जुळलेला हिशेब वहीत ठेवून मला परत यायचं नव्हतं. नेटवर्क फक्त देवळाच्या कट्ट्यावर. तिथं उभं राहून, उपग्रह कुठून कधी दिसतील ते सांगणाऱ्या हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर त्या भागाचे अक्षांश-रेखांश टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच रांग पुन्हा येणार होती.

त्या दिवशी हलशीहून परतीची घाई मीच केली. सात वाजता शिवारात अप्पा, मी, मैत्रीण, शिकवणी बंद झालेली ती मुलगी आणि तिचे वडील. तिला मी आग्रहानं बोलावलं होतं. थंडी कडक, बांधावर दव. अप्पांनी बॅटरी विझवायला लावली, “डोळ्याला अंधार लागू दे.”

सात बावीसला पोरगीच ओरडली, “आली!”

चंदगडच्या बाजूनं एक, मग दुसरा, मग थोडं अंतर सोडून तिसरा. तीन दिवसांत रांग पांगली होती, पण ओळ तीच. डोक्यावर आले तेव्हा ठळक ताऱ्यांइतके तेजस्वी. पोरगी मोजत होती. पहिला तिकांड्याच्या दिशेनं उतरला, लालसर झाला आणि नाहीसा झाला. “आता दुसरा,” अप्पा म्हणाले, आणि काठी रोखून त्यांनी जागा धरली. दुसरा काठीच्या टोकाशी विझला. तिसराही. पोरगीनं अठरापर्यंत मोजले, पुढचे फिकट होते. तिचे वडील एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, “उद्यापास्नं जा शिकवणीला.”

या उपग्रहांनी दुर्बिणींच्या छायाचित्रांवर रेघोट्या उमटतात, खगोलशास्त्रज्ञांची ती तक्रार खरी आहे आणि मलाही ती पटते. जांबोटीपलीकडं अजून इतका काळोख शिल्लक आहे की कृत्तिकेचे तारे सुटे मोजता येतात. तो राहावा असं मला मनापासून वाटतं. पण त्या संध्याकाळी मी आनंदात होते.

परत येताना मी अप्पांना सावलीचं सगळं सांगितलं. ते बांधावर थांबले, बराच वेळ पूर्वेकडं बघत राहिले.

“मग पाटंचं उलटं हुणार म्हणा,” ते म्हणाले. “तवा सावली मावळतीला. आदी कायच दिसायचं न्हाई, आन् मग आभाळात मधीच एकेक पेटत येणार.”

तसंच होतं. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

“किती वाजता ते बघा तुमच्या फोनात,” अप्पा म्हणाले. “मी तर जागाच असतो.”