चूल नसलेली घरं : आयोवातलं आमाना

शिकागोहून आय-८० महामार्गाने पश्चिमेला निघालं की मिसिसिपीपलीकडे मका आणि सोयाबीन. मध्येच एखादं घर, धान्याची कोठी, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडं. मग पुन्हा मका. १७८५ साली ठरलेल्या मोजणीप्रमाणे जमीन ६४०-६४० एकरांच्या चौकोनांत आखली गेली आणि जो तो आपापल्या वावरात राहू लागला. "इथं रात्री कुणाला हाक मारायची?" आईने विचारलं.

एक्झिट २२५ ने उतरून आयोवा काउंटीतल्या आमानात शिरलो, तेव्हा तीच म्हणाली, "हे आपल्यासारखं गावठाण आहे की!" खरंच. घरं दाटीने, गोठे-कोठारं कडेला, भोवती शिवार. १८५५ पासून इथे आलेल्या जर्मन धर्मपंथाने अशी सहा गावं वसवली; सातवं, होमस्टेड, १८६१ मध्ये रेल्वेसाठी अख्खं विकतच घेतलं. जमीन सामाईक, सुमारे २६,००० एकर. (हे आधुनिक यंत्रं टाळणारे आमिश पंथाचे लोक नव्हेत. यांच्या गिरण्या होत्या, पुढे फ्रिजही इथेच बनले.)

घरं वाळूच्या दगडाची, विटांची किंवा बिनरंगाच्या लाकडाची, भिंतीवर द्राक्षवेलीसाठी पट्ट्यांचा मांडव. आत मात्र स्वयंपाकघर नाही! गावात ठिकठिकाणी सामाईक स्वयंपाकघरं. एकेकात ३०-४० माणसं जेवायची. १९३२ मध्ये सामाईक व्यवस्था मोडली आणि मग घरोघरी चुली आल्या. मिडल आमानातलं जुनं स्वयंपाकघर संग्रहालय म्हणून जपलंय. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हे बघा. आई त्या विटांच्या लांबलचक चुलीपाशीच रेंगाळली. "सून-सासूची भांडणं चाळीस जणांत वाटली जात असतील," असं तिचं मत.

छोटी संग्रहालयं हंगामी असतात, वेळा आधी बघून ठेवा. स्वतःची गाडी हवीच. सातही गावांची फेरी साधारण १७ मैलांची. मुख्य आमानात दुकानंच फार. गावाची ठेवण बघायची तर हाय आमाना किंवा वेस्ट आमानात गाडी लावून चाला. पण घरांत माणसं राहतात, खिडक्यांत डोकावू नका. जेवण जर्मन, म्हणजे मांसाचं. शाकाहाऱ्यांनी बटाटे, कोबी आणि पावावर भागवावं, किंवा आमच्यासारख्या दशम्या बांधून न्याव्यात.

निघताना दफनभूमीत जा. सगळे दगड सारखे, आणि रांग घराण्याची नाही: जो ज्या क्रमाने गेला, त्या क्रमाने. नवरा-बायकोही शेजारी नाहीत.